'चेक'चे अर्थ किती आणि शब्द किती?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्ही अनुवादकाच्या परीक्षेची तयारी करताय. इंग्रजी शब्दकोशात 'चेक' उघडलात, तर थांबवणे, आळा, तपासणे, खूण, सामानाचा बिल्ला, अमेरिकेतल्या हॉटेलातलं बिल, कापडावरचे चौकडे, बुद्धिबळातला शह आणि थोड्या वेगळ्या स्पेलिंगने बँकेचा चेक, एवढं सगळं सापडलं. हे एकाच शब्दाचे अर्थ आहेत, की योगायोगाने सारखे दिसणारे निरनिराळे शब्द? आणि त्यातला 'मूळ' किंवा 'खरा' अर्थ कोणता धरून चालायचं?

कायद्याची आणि बँकांची कागदपत्रं इंग्रजीतून मराठीत आणणं हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे, त्यामुळे हा शब्द रोज टेबलावर असतो. माझ्या मते इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. शब्दांचं नातं काय, हा इतिहासाचा प्रश्न. समोरच्या वाक्यात कोणता अर्थ घ्यायचा, हा वापराचा प्रश्न. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला मदत करतं, पण नेहमी नाही. कधीकधी ते चक्क दिशाभूल करतं. म्हणून दोन्ही वेगवेगळे सोडवू.

आधी नातं. तुम्ही लिहिलेले सगळेच्या सगळे अर्थ एकाच घराण्यातले आहेत. आणि त्या घराण्याचा मूळपुरुष मराठी माणसाच्या चांगला ओळखीचा आहे: 'शहा', म्हणजे फारसीतला राजा. बादशहातला तोच.

बुद्धिबळाचा खेळ इथून 'चतुरंग' म्हणून इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात. समोरच्याच्या राजावर हल्ला झाला की खेळाडू 'शाह!' असं म्हणून त्याला सावध करायचा. युरोपातल्या लॅटिन लिहिणाऱ्यांना हा उच्चार काही पेलला नाही. त्यांनी त्याचं 'स्काकुस' केलं. जुन्या फ्रेंचमध्ये ते 'एस्चेक' झालं आणि इंग्रजीत येताना पुढचा 'एस्' गळून उरला 'चेक'. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून इंग्रजीला 'चेस' मिळाला. म्हणजे इंग्रजीत त्या खेळाचं नावच मुळी 'शह' या शब्दाचं अनेकवचन आहे. रशियन भाषेत तर खेळाला 'शाखमाती' म्हणतात, म्हणजे आपला 'शहमात' जवळपास जसाच्या तसा.

आता 'शहमात' आलाच आहे तर 'चेकमेट' बघा. यातला 'मेट' म्हणजे रूममेट, क्लासमेटमधला सोबती नव्हे. तो 'मेट' जर्मन कुळातला, मूळ अर्थ ज्याच्यासोबत बसून जेवायचं तो. बुद्धिबळातला 'मेट' मात्र 'मात'. हा 'मात' अरबीतल्या 'मेला' या अर्थाच्या क्रियापदावरून आला, की फारसीतल्या 'हतबल, निरुपाय' या अर्थाच्या शब्दावरून, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला दुसरं पटतं, कारण खेळात राजा कधी मारला जात नाही, तो फक्त अडकतो. ते काही असो, 'संकटावर मात केली' म्हणताना आपण वापरतो तो शब्द हाच. (एखादा मातला आहे असं म्हणतो त्यातला 'मात' वेगळा. तो संस्कृत 'मत्त'चा. दिसायला सारखा, नातं काही नाही.)

राजाला शह बसला की खेळाडूला हातातला डाव सोडून आधी तिकडे बघावं लागतं. त्याची चाल अडते. इंग्रजीत हा शब्द पटाबाहेर पडला तो हाच भाव घेऊन: अचानक अडवणूक, धक्का, रोखणं. चौदाव्या शतकाच्या सुमारास तो इंग्रजीत दिसू लागतो आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत 'आळा घालणे' हा अर्थ पक्का होतो. आपल्याकडचा चेकडॅम यातला आहे. ओढ्याचं पाणी अडवणारा तो 'चेक' डॅम; पाणी तपासणारा नव्हे. आइस हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन रोखतात, त्यालाही चेकच म्हणतात.

मराठीत 'शह' याच वाटेने गेलाय. 'शह देणे' म्हणजे राजकारणात एखाद्याची चाल अडवणं, त्यावर 'काटशह'. फरक एवढाच की आपल्याकडे हा शब्द थेट फारसीतून आला आणि पटाशी असलेलं त्याचं नातं आपण विसरलो नाही. इंग्रज विसरले. म्हणून त्यांचा शब्द मोकळा सुटला आणि इतका पसरला.

मग 'तपासणे' कुठून आलं? रोखायचं तर लक्ष ठेवायला हवं. हिशेबात कोणी गडबड करू नये म्हणून नोंद ठेवायची आणि ती दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहायची. म्हणजे गैरप्रकाराला आळा घालण्याचं साधन म्हणून पडताळणी आली आणि मग त्या साधनालाच 'चेक' म्हणू लागले. सतराव्या शतकाच्या अखेरीस 'बरोबर आहे का ते पाहणे' हा अर्थ स्वतंत्रपणे उभा राहिलेला दिसतो. पुढे पडताळल्याची निशाणी म्हणून केलेली खूणही चेक. सामान ताब्यात घेतलं आणि नंतर ओळख पटावी म्हणून दिलेला बिल्लाही चेक. अमेरिकन हॉटेलातल्या बिलाला चेक म्हणतात तेही याच फांदीवरचं.

इथे मला स्वतःला फार आवडणारी एक जोडगोळी सांगतो. 'कंट्रोल' हा शब्द नेमका उलट दिशेने चालत आलाय. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'कोंट्रा-रोतुलुस' म्हणजे जोडनोंदवही. मूळ हिशेबाच्या गुंडाळीशी ताडून बघण्यासाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी. म्हणजे 'कंट्रोल' सुरू झाला पडताळणीपासून आणि पोचला नियंत्रणाला. 'चेक' सुरू झाला रोखण्यापासून आणि पोचला पडताळणीला. दोघे वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. हे लक्षात आलं की देशाच्या महालेखापरीक्षकाच्या पदनामात 'कंट्रोलर' का आहे ते कळतं. संविधानाच्या अनुच्छेद १४८ मधलं ते पद मराठीत आपण 'नियंत्रक व महालेखापरीक्षक' असं लिहितो. त्या इंग्रजी पदनामाचं स्पेलिंगही चमत्कारिक आहे, मध्ये 'एम्-पी' घुसलेलं. हिशेबाला फ्रेंचमध्ये 'कोंत' म्हणतात, त्याच्याशी नातं असावं असं समजून कोणीतरी ते घुसवलं. नातं नव्हतंच. 'नियंत्रक' हा अनुवाद आता रूढ आहे, तो बदला असं मी म्हणत नाही; पण शब्दाच्या पोटात जोडनोंदवही आहे, लगाम नाही.

आता चौकडे आणि पैसे. ही फांदी सर्वांत गंमतीची, म्हणून जरा थांबतो.

फ्रेंच 'एस्चेक'वरून बुद्धिबळाच्या पटाला 'एस्चेकिए' म्हणायचे. बाराव्या शतकातल्या इंग्लंडात राजाच्या महसुलाचा हिशेब ज्या टेबलावर व्हायचा, त्यावर चौकटी आखलेलं कापड पसरलेलं असे. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७०च्या दशकाच्या उत्तरार्धात या कारभारावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्यात टेबलाचं वर्णन आहे: लांबी सुमारे दहा फूट, रुंदी पाच, कडेने बोटभर नव्हे, चांगली चार बोटं उंच पट्टी आणि वर काळं कापड, त्यावर वीतभर अंतराने रेघा. तेव्हा आकडे रोमन पद्धतीने लिहीत. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. तसल्या आकड्यांत बेरीज-वजाबाकी करून बघा, म्हणजे कापड का लागायचं ते समजेल. एक रकाना पेन्यांचा, एक शिलिंगांचा, एक पौंडांचा, मग विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. त्यांत सोंगट्या मांडायच्या, काढायच्या. परगण्याचा शेरीफ ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसला हजर होऊन हिशेब द्यायचा. तो एका बाजूला, खजिनदार दुसऱ्या बाजूला. पटावर दोन राजे लढतात तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची झुंज चालते, असं फिट्झनील स्वतःच लिहितो.

त्या कापडावरून आख्ख्या खात्याचं नाव पडलं 'एक्सचेकर'. (सुरुवातीचा 'एक्स' ही नंतरच्या पंडितांची करामत. 'एस्' दिसला की मूळ लॅटिन 'एक्स' असणार, असं त्यांनी गृहीत धरलं.) ब्रिटनचा अर्थमंत्री अजूनही 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर' आहे. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं 'पब्लिक एक्सचेकर' लिहितात आणि मराठी वर्तमानपत्रं त्याला 'सरकारी तिजोरी' म्हणतात. तिजोरी अगदी योग्य. तिथे पट-सोंगट्या शोधायला जाऊ नये.

याच 'चेकर'चं आखूड रूप होऊन चौकड्यांना 'चेक' म्हणू लागले. आपण 'चेक्सचा शर्ट' म्हणतो तो हा. मोटारींच्या शर्यतीत शेवटी फडकवतात तो काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा, किंवा एखाद्याची 'चेकर्ड' कारकीर्द, म्हणजे कधी पांढरं घर कधी काळं, हेही इथलंच. 'चढउतारांची कारकीर्द' असा त्याचा अनुवाद मी करतो.

बँकेचा चेक मात्र थेट कापडावरून आलेला नाही, जरी स्पेलिंग बघून तसं वाटतं. अठराव्या शतकात 'चेक' म्हणत ते आदेशपत्र फाडून दिल्यावर मागे राहणाऱ्या तुकड्याला. तो तुकडा ठेवायचा कशासाठी? कोणी खोटं पत्र आणलं किंवा रक्कम बदलली तर ताडून बघता यावं म्हणून. म्हणजे हा 'पडताळणी'च्या फांदीवरचा. मागे राहणाऱ्या तुकड्याचं नाव पुढे फाडून दिलेल्या कागदालाच चिकटलं. मग इंग्लंडात कोणाला तरी एक्सचेकर आठवलं आणि 'क्यू-यू-ई'वालं स्पेलिंग रूढ झालं. अमेरिकनांनी जुनं स्पेलिंग सोडलं नाही.

राहिला 'शहा' स्वतः. प्राचीन इराणच्या हखामनी घराण्यातल्या सम्राट दारयवहूने (इंग्रजीतला डरायस) इ.स.पू. सहाव्या शतकाच्या शेवटी इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेल्या लेखात तो स्वतःला 'क्षायथिय' म्हणवतो, म्हणजे राजा. 'राजांचा राजा' हीदेखील त्याची पदवी. त्याच 'क्षायथिय'चा झिजून 'शाह' झाला. यातला धातू आणि संस्कृतातल्या 'क्षत्र', 'क्षत्रिय'मधला धातू एकच, सत्ता चालवणे या अर्थाचा. 'शहर' हा शब्दही त्याच कुळातला, जुन्या इराणीतल्या 'क्षथ्र'चा वंशज. म्हणजे क्षत्रिय, शहर, बादशहा, शह, चेक्सचा शर्ट आणि बँकेचा चेक ही सगळी भाऊबंद मंडळी. 'शहाणा' मात्र यांत नाही. तो संस्कृत 'सज्ञान'पासून प्राकृताच्या वाटेने आलाय. त्याचा राजघराण्याशी संबंध नाही.

शेवटची ओळ मुद्दाम घातली, कारण तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू तीच आहे. 'चेक'मध्ये वरवर सहा-सात वेगळे शब्द दिसतात आणि निघतो एक. याच्या उलटही घडतं. 'मॅच' घ्या. क्रिकेटची मॅच, मॅचिंग ब्लाउज, स्थळ मॅच होणं हे सगळं जुन्या इंग्रजीतल्या 'जोडीदार, तोडीस तोड' या अर्थाच्या शब्दातून आलं. आगकाडी म्हणजे मॅच हा मात्र निराळा शब्द आहे, जुन्या फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ दिव्याची वात. आपण 'माचिस' म्हणतो ती या दुसऱ्या घरातली. मॅचिंग आणि माचिस यांचं काहीही नातं नाही. ओढूनताणून लावायचंच तर काडी आणि पेटी जुळतात म्हणून, असं कोणीही सांगून जाईल आणि ऐकणारा मान डोलवेल. अशा जुळवाजुळवीपासून सांभाळा. अर्थांत नातं सुचलं म्हणजे ते असतंच असं नाही. मधल्या पायऱ्या जुन्या लेखनात सापडायला हव्यात.

हे तुम्ही घरबसल्या कसं ओळखायचं? चांगला मोठा इंग्रजी कोश घ्या. नातं नसलेल्या शब्दांना कोशकार स्वतंत्र नोंदी देतात, डोक्यावर छोटे १, २, ३ आकडे घालून. एकाच शब्दाचे अर्थ एका नोंदीखाली क्रमांकाने येतात. 'मॅच'च्या नोंदी दोन दिसतील. 'चेक'च्या बाबतीत कोशाकोशांत फरक आढळेल: काही कोश चौकड्यांच्या 'चेक'ला वेगळी नोंद देतात, कारण तो 'चेकर'वरून आखूड होऊन आला, काही देत नाहीत. दोन्ही चूक नाहीत. सख्खी भावंडं एका शिधापत्रिकेवर ठेवायची की दोन, एवढाच तो प्रश्न आहे.

आता परीक्षेतला, म्हणजे वाक्यातला अर्थ. इथे मी तुमचा 'मूळ अर्थ कोणता' हा प्रश्न सरळ बाजूला ठेवतो. मूळ अर्थ 'राजा' आहे आणि तो तुम्हाला एकाही वाक्यात लागणार नाही. शब्दाच्या शेजारी कोण बसलंय ते बघा. 'कीप इन चेक' किंवा 'अ चेक ऑन पॉवर' दिसलं की अंकुश, आळा, वचक. राग 'चेक' करायचा असेल तर तो आवरायचा. रागाची तपासणी होत नाही. 'बॅकग्राउंड चेक' म्हणजे पूर्वचारित्र्याची पडताळणी. 'अनचेक्ड' तर फारच दगाबाज. 'अनचेक्ड ग्रोथ' म्हणजे अनिर्बंध वाढ, पण फॉर्ममधला 'अनचेक्ड बॉक्स' म्हणजे खूण न केलेला चौकोन, आणि हिशेबाच्या संदर्भात तो न तपासलेलाही असू शकतो. तिसऱ्या जागी आधीचं-नंतरचं वाक्य वाचल्याशिवाय निर्णय घेताच येत नाही. मी अजूनही घेत नाही.

मराठी संकेतस्थळांवर 'पेटी तपासा' अशी सूचना तुम्ही पाहिली असेल. मूळ इंग्रजी सूचना 'चेक द बॉक्स'. तिथे ना पेटी आहे ना तपासणी. 'चौकोनात खूण करा' एवढंच म्हणायचंय. ज्याने हे केलं त्याला शब्दाचा एक अर्थ ठाऊक होता आणि तोच 'खरा' असं त्याने धरलं होतं.

तुम्ही दिलेलं सरावाचं वाक्य, ज्यात अध्यक्ष व्यवस्थापकाला 'इन चेक' ठेवतात आणि प्रत्येक चेक 'चेक' करतात, ते मी असं लिहीन: 'अध्यक्षांनी व्यवस्थापकावर वचक ठेवला आणि प्रत्येक धनादेश स्वतः पडताळून पाहिला.' इंग्रजीत शब्दांचा खेळ आहे, तो मराठीत जातो. विनोदी लेख असता तर तो टिकवायला मी धडपडलो असतो. संस्थेच्या इतिवृत्तात तो गेलेलाच बरा. कोणता मजकूर आहे यावर हे ठरतं आणि परीक्षेत उतारा कुठल्या प्रकारचा आहे हे आधी ओळखण्याला म्हणूनच महत्त्व आहे.

'तपासणे' आणि 'पडताळणे' यांतला फरकही हाताशी ठेवा, गुण तिथे जातात. डॉक्टर रुग्ण तपासतात, शिक्षक उत्तरपत्रिका तपासतात. पडताळायला दोन गोष्टी लागतात: सही नमुन्याशी, नोंद पावतीशी. इंग्रजीत दोन्हीला 'चेक' चालतो, मराठीत चालत नाही. आणि जिथे 'तिकीट चेकर', 'चेकनाका', 'चेकअप' हे शब्द लोकांच्या तोंडी रुळलेत, तिथे मराठी प्रतिशब्द ओढून आणायचा का, हे कागद कोणासाठी आहे त्यावर ठरवा. शासकीय मसुद्यात 'तपासणी नाका' लिहा, बातमीत 'चेकनाका' चालेल.

स्पेलिंगचं तुम्ही शेवटी विचारलंत. भारतात बँकेच्या चेकला 'क्यू-यू-ई'वालंच स्पेलिंग लिहा. १८८१चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियम, तेच वापरतो. कलम ६ मध्ये चेकची व्याख्या आहे आणि चेक न वटल्याबद्दलचं ते प्रसिद्ध कलम १३८ नंतर १९८८च्या दुरुस्तीने आलं. अमेरिकन कागदपत्र समोर आलं तर साध्या 'सी-के'वाल्या स्पेलिंगमागे धनादेश, हॉटेलचं बिल किंवा नुसती खूण, यांपैकी काहीही असू शकतं. तिथे स्पेलिंग मदत करणार नाही. रकमेचा आकडा जवळपास आहे का, ते आधी शोधा.